मिस्त्रीचं तांबं

बासी ईदच्या, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी शकीला फुप्पी अकोल्याच्या गाडीतून भातकुलीच्या स्टँडवर उतरली, तवा तिच्या हातात डब्बा होता अन् तोंडात भांडण तयार होतं. डब्बा तिनं घरात शिरल्याबरोबर भावजयीच्या, इफ्फतच्या हाती दिला. भांडण कोणाले द्याचं हे अजून ठरलं नव्हतं, म्हणून तिनं बुरखा काढून खुंटीवर टांगला, पलंगावर मांडी घातली अन् म्हणाली, "हं, सांगा. आता हे घर कोणं बुडवलं?"

"कोणीच नाई बुडवलं, आपा," इफ्फत म्हणाली.

"मंग या पोट्टीचं तोंड असं काहून?"

आरजूचं तोंड परवापासून तसंच होतं. परवा आकांक्षाचा फोन आलता. बोलणं संपल्यावर आरजूनं तो फोन अब्बाच्या वार्निशच्या डब्ब्यात टाकला. वार्निशमधून काढलेला फोन पुन्हा फोन होत नाई, हे मंग घरातल्या सगळ्यायनं आळीपाळीनं पुसून पाहून कबूल केलं.

फुप्पीले सगळं पहिल्यापासून सांगा लागलं. खरं म्हणजे तिले सगळं माईत होतं, पण तिले दुसऱ्याच्या तोंडून ऐकाले आवडे. मंधात थांबवून चुका काढता येत.

कंपनीचं नाव होतं 'बदली'. आरजू दहावीच्या आतच शाळेले लाथ मारून अब्बाच्या वाइंडिंगच्या दुकानात येऊन बसली, तेव्हाची गोष्ट. चंद्रभान काकाची विहिरीवरची मोटर जळली. अब्बा म्हणे आठवडा लागीन, काका म्हणे आठवड्यात माहा संत्रा वाळून जाईन. दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसले. तवा आरजू म्हणाली का दुकानात ती दुसरी मोटर धूळ खाऊन राहिली, तीच देऊन द्या तोपर्यंत. एवढीच आयडिया. मोटर जळली, मिस्ड कॉल द्या, आरजूचा मोठा भाऊ वकार लोडिंग ऑटोत बदलीची मोटर घेऊन वावरात हजर, अन् जळालेली दुकानात. चंद्रभान काकाची आकांक्षा तवा अमरावतीले इंजिनीयरिंगले होती. तिनं ते कॉम्प्युटरवर चढवलं, पैसे लावणाऱ्या पुण्याच्या लोकायशी इंग्रजी बोलली, अन् दोन पोट्ट्यायचा खेळ कंपनी झाला.

वर्षं पण तशीच होती. तुरीचे ट्रॅक्टर मार्केटात रांगेत उभे राहून राहून त्यायच्या टायरले गवत फुटाची वेळ आलती. नवी मोटर घ्याची कोणाची टाप नव्हती, जो तो जुनीच नवी तार भरून मागे. वावरवाला रडला का वाइंडिंगवाल्याची चूल पेटे. हे सगळ्यायले माईत होतं, बोलत कोणी नव्हतं.

"अन् आता काय म्हणते थे आकांक्षा?" फुप्पीनं विचारलं.

आता थे म्हणे का कंपनी सोलर पंप विकणार. दुरुस्तीचं काम नांदगाव पेठेत मोठा वर्कशॉप घेऊन तिथंच करणार. अब्बाची गरज नाई. आरजूले खुर्ची देऊ, कानाले लावाचं थे यंत्र देऊ, पगार देऊ, फोन उचलत बसाचं. पण अर्धा हिस्सा सोडा लागीन. तो हिस्सा वकारच्या नावावर होता, कारण कंपनी नोंदवली तेव्हा आरजूले अठरा लागले नव्हते, अजूनही लागले नव्हते. सोमवारी वकारनं येऊन सही कराची, विषय संपला.

"म्हणजे तुह्या डोक्यातली कंपनी, अन् तुलेच तिथं चपराशी ठेवून राहिली," फुप्पी म्हणाली. तिचा चेहरा खुलला. भांडण कोणाले द्याचं हे ठरलं होतं. "लढाचं. सोडाचं नाई."

फुप्पीले लढाईचा अनुभव होता. अकोल्यातल्या दुकानासाठी ती दिरायशी कोर्टात इतकी वर्षं भांडली का केस सुरू झाली तवा कडेवर असलेली पोरगी निकालाच्या दिवशी तिच्यासंगं पायरीवर उभी राहून सेल्फी काढत होती. दुकान जिंकलं. तोपर्यंत बाजार दोन गल्ल्या पुढे सरकला होता अन् दुकानात आता फक्त जिंकल्याचा आनंद होता. तरी फुप्पीले सोताच्या लेकरायचे वाढदिवस आठवत नसत, पण वकिलाचा नंबर पाठ होता.

"जाऊ द्या, आपा," इफ्फत चुलीजवळून म्हणाली. "आपल्यात अन् त्यायच्यात किती वर्षायचं येणं-जाणं. पोरीचा नसीब."

"नसीब नाई, आकांक्षा," आरजू म्हणाली.

अम्मी सकाळपासून 'जाऊ द्या' म्हणून राहिली होती. आधी तिनं चंद्रभान काकाचं नाव घेतलं, मंग वकारच्या लग्नाचं, मंग आरजूच्या लग्नाचं, मंग म्हणाली गर्मी लय आहे. ज्या बाईनं रॉकेलच्या रांगेत भांडून दोन बायायच्या वेण्या हाती आणल्या होत्या, तिले आज गर्मीचं काय पडलं होतं, हे काई आरजूच्या ध्यानात येत नव्हतं.

अब्बा पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात होता. सुट्टीच्या दिवशी शफीक मिस्त्री रोजच्याच स्टुलावर रोजच्याच कामाले बसे. फरक एवढाच का नवीन कुर्ता घातलेला असे. सगळं ऐकू जात होतं त्याले. पण तारेचे वेढे मोजताना बोललं का मोजणी चुकते, हे कारण त्यानं आयुष्यभर वापरलं होतं.

राहिला वकार. तो कटोरीत तोंड घालून शिरखुर्मा खात होता. एक कटोरी झाली, दुसरी झाली, तिसरीत नुसता चमचा फिरत होता.

"भाई, तू बोल ना," आरजू म्हणाली. "सही तुही लागते. तू नाई म्हटलं का थे काईच करू शकत नाई."

"मी काय बोलू."

"नाई म्हण. दोन अक्षरं आहेत."

वकारनं चमचा ठेवला. मंग म्हणाला का लढून काय भेटते, त्यायच्याजवळ पैसा, त्यायचे वकील पुण्याचे. अन् तसं पाहलं तं नांदगावले माणसं लागणारच आहेत. वर्कशॉपवर कोणी तरी घरचा असला तं बरंच. मॅनेजर लागते तिथं.

आरजूची नजर दारात गेली. दारात वकारचे ईदचे नवे बूट होते. लेसवाले. या घरात ईदले कोणी लेसवाले बूट घेतले नव्हते; मस्जिदीच्या पायरीवर लेस सोडत बसाले कोणाले वेळ असते. काल सकाळीच हे तिच्या डोळ्यात भराले पाहिजे होतं. बूट नमाजासाठी नव्हते. बूट नांदगावसाठी होते.

"कधी विचारलं तिनं तुले?" आरजू म्हणाली.

"काय?"

"भैताडासारखा करू नको. मॅनेजरचं कधी विचारलं?"

"ईदच्या आधी," वकार म्हणाला. मंग पटकन म्हणाला, "मी हो नाई म्हटलं. पाहतो म्हटलं."

आरजूनं हातातली कटोरी भिंतीवर मारली. कटोरी स्टीलची, तिले काई झालं नाई. शिरखुर्मा मात्र गेल्या वर्षीच्या रंगावर वरून खालपर्यंत उतरला, अन् शेवया अर्ध्यातच अडकून राहिल्या.

पण खरी गंमत पुढे झाली. फुप्पी पलंगावर सरकून वकारकडे वळली. "मॅनेजर म्हणजे पगारी ना? क्वार्टर देतात का?" तिची धाकटी औंदा बारावी झाली होती अन् वकारबद्दल फुप्पीच्या मनात जे होतं ते पूर्ण खानदानाले माईत होतं, ऑटोवाला म्हणून गाडी अडून होती. वकार म्हणाला क्वार्टरचं विचारलं नाई. फुप्पी म्हणाली विचाराले पाहिजे. मंग दुपट्टा सारखा करून म्हणाली का तसं पाहलं तं कोर्टात काई अर्थ नाई, मले विचारा, माही उमर गेली तिथं. घरातला एक पोरगा ठिकाणी लागत असन तं पोरीच्या जातीनं एवढं ताणू नाई.

"आत्ता तं लढ म्हणत होती तू," आरजू म्हणाली.

"आत्ता मले पूर्ण सांगितलं कुठी होतं तुमी?"

अन् जी अम्मी सकाळपासून थंड होती, थे पेटली. उलथनं हाती घेऊनच चुलीवरून उठली. "माह्या पोरीच्या ताटातलं काढून माह्या पोराले वाढाचं, हे मले नाई चालत," थे म्हणाली. "वकार, तू सही केली तं या घरात जेवाले येजो नको. अन् आपा, तुमची पोरगी मॅनेजरले देजा, माह्या पोराले नाई."

एका कटोरीत घराचे दोन्ही तट उलटे झाले होते. लढ म्हणणारी बस म्हणाली, बस म्हणणारी लढ म्हणाली. आरजूले आता हसू का रडू समजेना, म्हणून ती फडकं घेऊन भिंत पुसाले लागली. अम्मी बाजूनं होती. अम्मी बाजूनं असली का भाईचं काई चालत नाई. आपण लढणार हे तिले त्या शेवया पुसता पुसता पक्कं झालं.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली.

आकांक्षानं हेल्मेट काढलं, दुकानाच्या पायरीवर चपला काढल्या अन् अब्बाले वाकून सलाम केला, जसा लहानपणापासून करे तसाच. ईद मुबारक झाली. पाडाच्या आंब्यायची पिशवी तिनं दिली. म्हणाली, "बाबाची मोटर झाली का, काका? पाहाले पाठवलं." चंद्रभान काकाची मोटर झालीच होती, बाकावर तयार होती. पण मोटरसाठी कोणी स्कूटी घेऊन येत नाई, हे अब्बाले कळलं, अन् त्याले कळलं हे तिले कळलं. ती आत आली. अम्मीनं उलथनं खाली ठेवलं, पण हाताजवळ.

"फोन काहून बंद आहे तुहा?" तिनं आरजूले विचारलं.

"वार्निश पिऊन राहिला."

आकांक्षा पलंगाच्या काठावर टेकली. म्हणाली, "तुले काय वाटते, मले लय मजा येऊन राहिली का? थे लोक रोज विचारतात, हे घरगुती खटलं कधी साफ करते म्हणून. नाई केलं तं मलेच काढतीन. मंग ना तू, ना मी."

"मंग ना तू, ना मी. चांगलं आहे," आरजू म्हणाली. "बराबर वाटणी झाली."

"आरजू, तू फोनवर गिऱ्हाइकायले शिव्या देतं."

"थे पण देतात. त्यायले बरं वाटते."

आकांक्षाले हसू आलं. आरजूलेही येऊन राहिलं होतं, तिनं दातानं दाबलं. दोघी याच पलंगावर पालथ्या पडून कंपनीची नावं काढत होत्या; त्यातलं एकही नाव मोठ्या माणसांपुढे घेण्यासारखं नव्हतं. मंग आकांक्षाचं हसू गेलं. तिनं दुकानाच्या दाराकडे एक डाव पाहून घेतलं अन् आवाज खाली आणला.

ती म्हणाली का तुमी सही नाई केली, केस केली, तं थे लोक तांब्याचं काढतीन.

या धंद्यात एक रीत आहे. जळालेल्या मोटरीतून जे जुनं तांबं निघते ते मिस्त्रीचं. मजुरी धरतानाच ते धरलेलं असते. गिऱ्हाईक मागत नाई, मिस्त्री सांगत नाई. अन् मिस्त्रीच्या घरी ते बायकोचं. इफ्फतच्या पलंगाखाली काळ्या तांब्याचा बोरा असे; तो भरला का भंगारवाला येई, अन् त्यातून घरातलं जे काई चमकत होतं ते सगळं आलेलं होतं. 'बदली' सुरू झाली, कंपनीच्या सोताच्या मोटरा झाल्या, त्याही जळाल्या, अब्बानं भरल्या, अन् त्यातलंही तांबं रीतीनं पलंगाखाली गेलं. कोणाच्या मनातही आलं नाई का कंपनी म्हणजे कोणी वेगळी बाई आहे अन् तिले विचारा लागते.

हिवाळ्यात पुण्याची माणसं आलती. अम्मीचा खिचडा खाऊन खुश झाली. त्यातल्या एकानं सहज विचारलं का मिस्त्री, घर चांगलं चालवता हो एवढ्याशा दुकानावर. तवा अब्बानं, जो ईदलेसुद्धा दोन वाक्यांच्या वर बोलत नाई, त्या माणसानं, पलंगाखालून बोरा ओढून दाखवला. सगळी आपलीच मेहरबानी आहे म्हणाला. त्यायनं फोटो काढू का विचारलं, तं केस विंचरून आला अन् बोऱ्यावर हात ठेवून उभा राहिला.

तो फोटो आता पुण्याच्या वकिलाजवळ होता.

अम्मीनं खाली पाहलं. सकाळपासूनची गर्मी आता आरजूले समजली. अम्मीले हे सुचलं होतं. मंधात पोरीसाठी चिडून ती क्षणभर विसरली, एवढंच.

"चोरीची तक्रार करतीन म्हणतात," आकांक्षा म्हणाली. "हे मी नाई म्हणत. थे म्हणून राहिले."

वकार उठून उभा राहिला अन् काय कराले उठला हे त्यालेच माईत नसल्यासारखा उभाच राहिला. दुकानातला तारेचा आवाज थांबला होता. अब्बा दारात आला. हातात तार तशीच होती.

"तुह्या बाबाले माईत आहे हे?" त्यानं विचारलं.

"नाई, काका. बाबाले नाई सांगितलं."

अब्बानं मान हलवली. आरजू त्याच्याकडे पाहत होती. त्यानं पोलीस विचारलं नाई, वकील विचारला नाई. चंद्रभान विचारला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या बापाची मोटर अब्बाच्या बापानं भरली होती. म्हणजे हे असं होतं. पोलिसाची धमकी नव्हतीच ही. चंद्रभान काकाच्या कानावर 'चोर' हा एक शब्द जाईन, एवढीच होती, अन् तेवढीच पुरेशी होती. आता सही होईन. अम्मी सही करा म्हणीन, अब्बा काईच म्हणणार नाई, अन् तो शब्द न बोलता जन्मभर घरात बसून राहीन, पलंगाखाली.

तिचं डोकं फिरलं. नेहमी फिरे तसंच, पण या वेळेस ती कटोरीकडे नाई गेली.

"थे म्हणतात, थे म्हणतात," आरजू म्हणाली. "थे भातकुलीले येत नाईत. तू आली आहे. तू म्हण. अब्बा समोर उभे आहेत. त्यायच्या तोंडावर म्हण का तुमी चोर आहात. तू म्हटलं तं भाई आत्ता सही करीन."

"आरजू," अम्मी म्हणाली.

"थांब, अम्मी. म्हणू दे तिले."

आरजूले वाटलं ती म्हणणार नाई. लहानपणी या माणसाच्या मांडीवर बसून जिनं मोटरीच्या बेअरिंगमधल्या छर्र्यायच्या गोट्या खेळल्या, तिची जीभ उचलणार नाई. पण आरजूनं हे विसराले नव्हतं पाहिजे का आकांक्षाही तिच्याच पाण्याची होती. मागे हटणारी असती तं दोघींची कंपनी झालीच नसती.

आकांक्षा उठून उभी राहिली. "काका, ते तांबं कंपनीचं होतं," ती म्हणाली. "न विचारता घेतलं. त्याले चोरीच म्हणतात."

बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती.

अब्बानं हातातली तार गुंडाळून घेतली. मंग म्हणाला, "बरं."

तो दुकानात गेला. बाकाखाली वाकला, अन् चंद्रभान काकाच्या मोटरीतून छिन्नीनं तोडलेलं काळं, वितळून गठ्ठा झालेलं वेटोळं त्यानं बाहेर काढलं. एक एक तुकडा फुंकून, कोपऱ्यात सांडलेले बारके तुकडेही वेचून, त्यानं ते सगळं एका पिशवीत भरलं. अम्मीच्या ध्यानात आलं तसा तिनं तोंडावर हात घेतला. मिस्त्री गिऱ्हाइकाले तांबं परत देते ते एकाच वेळी, पुन्हा त्याचं तोंड पाहाचं नसन तवा. या दुकानातून आजपर्यंत एकालेही गेलं नव्हतं, उधारी बुडवणाऱ्यालेसुद्धा नाई.

"हे घेऊन जा," अब्बा म्हणाला. "तुह्या बाबाचं तांबं. त्याले देजो."

आकांक्षा पिशवीकडे पाहत राहिली. "काका, बाबा विचारतीन हे काय आहे."

"तो विचारीनच. सांगजो."

तिनं हात पुढे केला नाई. तवा वकार आला. त्यानं अब्बाच्या हातातून पिशवी घेतली, बाहेर गेला, अन् स्कूटीवर पाय ठेवाच्या जागी ती ठेवून दोरीनं बांधली, जशी ऑटोत मोटर बांधे तशी, दोन गाठी मारून, हलवून पाहून. आरजू दारातून पाहत होती. भाईनं गाठ मारताना आकांक्षाकडे पाहलं नाई. "मोटर मी नेऊन बसवून देतो संध्याकाळी," तो म्हणाला. "सोमवारी माही वाट पाहू नको."

आकांक्षानं हेल्मेट घातलं. काच खाली केली, त्यामुळे तिचं तोंड दिसलं नाई. वजनानं स्कूटी गल्लीच्या वळणावर जराशी लडखडली, मंग सरळ झाली अन् गेली.

आत फुप्पीनं कवाच फोन लावला होता. ती वकिलाले सांगत होती का सुट्टी-बिट्टी काई नसते, बसा अन् लिहून घ्या, आमच्या मिस्त्रीले चोर म्हटलं, मी माह्या कानानं ऐकलं, साक्षीले मी येतो. क्वार्टरचं ती विसरली होती. पुन्हा आठवीन तवा आठवीन. अम्मी पलंगावर बसून होती अन् खाली वाकून पाहत नव्हती.

लढाई ठरली होती. आरजूले जे पाहिजे होतं तेच झालं होतं. पण तो शब्द आता आज दुपारीच चंद्रभान काकाच्या अंगणात जाऊन पडणार होता, पिशवीसकट. तो तिनंच आकांक्षाच्या तोंडून वदवून घेतला होता.

ती दुकानात गेली. अब्बा स्टुलावर बसून दुसऱ्या मोटरीची तार ओढत होता. ओढली, थांबला, उकलली, पुन्हा ओढली.

"अब्बा, चूक झाली का माही?"

अब्बानं तारेचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "ताणून धर."

तिनं धरलं. त्यानं दोन-चार वेढे घेतले अन् पुन्हा थांबला.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"तुमी मोजून राहिले होते ना."

"आज ध्यान राहत नाई," शफीक मिस्त्री म्हणाला. "तू मोज."

आरजूनं तार हाताभोवती घट्ट गुंडाळली अन् मोजाले सुरुवात केली, एकपासून, मोठ्यानं, फुप्पीच्या आवाजाच्या वरून.